विझली की कळवा

आते, तुझा फोन माझ्याकडे आहे. हॉस्पिटलात तू तो माझ्या खिशात घातलास, "चार्जिंग संपू देऊ नकोस" म्हणालीस आणि कूस बदललीस. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. माणसं जाताना देवाचं नाव घेतात, कोणाला तरी जवळ बोलावतात. तू चार्जिंगचं बघून गेलीस. भेटायला येणाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा हसावं की गप्प बसावं ते त्यांना कळत नाही. शुभांगीनं बायकोच्या हक्कानं बजावलं, निदान या गोष्टीला तरी तिखटमीठ लावू नका. खरंच लावलेलं नाही.

आणि त्याच फोनवर, तुला अग्नी देऊन आम्ही घरी आलो त्या दुपारी, वनखात्याचा मेसेज आला. पण त्याच्याकडे मी नंतर येतो. गोष्ट पहिल्यापासून ओळीनं सांगायची संधी मला प्रथमच मिळते आहे. एरवी मी सुरुवात केली की तू स्वयंपाकघरातून दुरुस्त्या पाठवायचीस.

सुरुवात ग्रामपंचायतीच्या सभेपासून. वनखात्यातली ती नवी वनरक्षक मुलगी आली होती. ती सांगत होती की वणवा लागला की आकाशातून उपग्रहाला कळतं आणि नंबर नोंदवला तर आपल्या फोनवर मेसेज येतो. बाकी सगळ्यांनी, पैसे पडतात का, एवढंच विचारलं. मी तर चहा कधी येतो ते बघत होतो. तू हात वर केलास. "किती लहान आग दिसते गो त्याला?"

ती म्हणाली, "मोठी दिसते, आजी."

"मोठी म्हणजे केवढी? चुलीएवढी, होळीएवढी, की घर पेटल्याएवढी?"

तिला सांगता येईना. साहेबांना विचारून सांगते म्हणाली. तुला तेवढं पुरलं. ज्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याकडे नाही तो प्रश्न तू घरी घेऊन यायचीस, जशी दुसरी कोणी बाजारातून मासळी आणते तशी.

मग आमचे रविवार गेले. मिरजोळ्याच्या कारखान्यात आठवडाभर खोकी मोजून झाली की मला वाटायचं, आतेकडे जाऊन आंबोळी खावी, लोळावं. तू मला टोपली देऊन आंब्याच्या कलमांखालचा पातेरा गोळा करायला लावायचीस. उपग्रह आपल्यावरून साधारण कधी जातो ते तू त्या मुलीकडून काढून घेतलं होतंस. त्या वेळेला खळ्यात खुर्ची टाकायची, वाळक्या पानांचा ढीग पेटवायचा, बाजूला पाण्याची बादली आणि हातात फोन. मेसेज नाही. पुढच्या रविवारी दुप्पट ढीग. मेसेज नाही. तिसऱ्या वेळी दगडी गडग्यापलीकडून जनूनं हाक मारून घर पेटलंय का विचारलं. म्हणजे शेजाऱ्याला दिसलं, उपग्रहाला नाही. शिमग्याच्या होमाला तुला फार आशा होती, पण त्या वेळी उपग्रह दुसऱ्याच कुठल्यातरी मुलखावर होता. "कॉल लागत नाहीये," तू म्हणायचीस, आणि तुझ्या आवाजात निराशा नसायची. टेलिफोन एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडण्यात तू उमर घालवलेली. कॉल लागत नाही म्हणजे अजून एकदा लावायचा, इतकाच त्याचा अर्थ.

पुढे जनूनं भाजावळ केली. पेरणीआधी भाताच्या दाढीवर, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यावर, पातेरा, शेण, गवत पसरून जमीन भाजायची, हे आपल्याकडे सगळेच करतात. जनूनं तिन्ही दाढी एकदम पेटवल्या आणि दुपारी तुझा फोन वाजला. तू मला कारखान्यात फोन केलास. मला वाटलं कोणाचं तरी काही बरंवाईट झालं. तू एकच शब्द बोललीस. "लागला."

मी हे सगळीकडे सांगताना, वर एक माणूस दुर्बीण लावून बसलाय, असं सांगायचो. पोरं हसायची. तू एकदा वैतागून पडवीत चौकड्यांची चादर पसरलीस आणि तिच्यावर चहाचं गरम पातेलं ठेवलंस. म्हणालीस, त्याला आग दिसत नाही, दिगू, ऊब दिसते. खालची जमीन त्याच्या हिशेबी अशा चौकड्यांची. पातेलं या चौकडीच्या कोपऱ्यात असो नाहीतर मधोमध, त्याला अख्खी चौकडी गरम लागते. एका चौकडीत जनूची दाढ येते आणि माझी निम्मी कलमंही येतात. तेव्हा ठिपका दिसला की नेमकं कुठे ते आपण पायांनी जाऊन बघायचं. मी मान डोलावली. चादरीवर पातेल्याचा काळा गोल उठला, तो शुभांगीनं धुऊनही गेला नाही.

तू वाडीचा ग्रुप केलास. वनखात्याचा मेसेज आला की तू नकाशावर जागा बघून ग्रुपवर टाकायचीस, अमक्याच्या डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर, तमक्याच्या बागेच्या वर. वाडीत आता माणसं किती, तर हिरव्या डहाळ्यांचे टाळ हातात धरून आग झोडपू शकतील अशी ओटीवर मावतील एवढीच. बाकी सगळे मुंबईला. पण ग्रुपवर सगळे होते. त्यामुळे सड्यावर आग लागली की डोंबिवलीतून हात जोडलेले, नालासोपाऱ्यातून रडके चेहरे आणि दिव्यातून 'काळजी घ्या' असं धडाधड यायचं. मी विचारलं होतं, एवढे जोडलेले हात काय कामाचे. तू म्हणालीस, त्यांना कळलं तर पाहिजे ना, झाडं त्यांचीही आहेत.

आग विझवायचा ब्लोअरही ग्रामपंचायतीच्या मागे लागून तूच आणवलास. पाठीला लावायचा, जोरानं वारा सोडून ज्वाळा मागे, जळून गेलेल्या बाजूला ढकलायची. चालवून बघायचा मान मला मिळाला. खळ्यात तुझी आमसुलं वाळत होती, हे माझ्या लक्षात नव्हतं. चुना दिलेल्या भिंतीवर ती जी जाऊन चिकटली त्यांच्या लाल खुणा अजून आहेत. परवा तुझ्या दिवसकार्याला आलेली माणसं त्या भिंतीकडे बघत होती. मी विषय बदलला.

आता तो भाग, जो मी नेहमी गाळायचो.

भाजावळीच्या दिवसांत तुझी यंत्रणा डोकेदुखी झाली होती. रोज कोणाची तरी भाजावळ, रोज मेसेज. ती वनरक्षक मुलगी दोनदा चढ चढून धापा टाकत आली, आणि दोन्ही वेळा समोर जनू शांतपणे काठीनं पातेरा सारखा करत उभा. तिसऱ्यांदा येईन की नाही सांगता येत नाही, असं तिनं तुला हसत सांगितलं, पण ते हसण्यावारी नव्हतं. म्हणून तू नियम केलास. ज्याची भाजावळ असेल त्यानं सकाळी ग्रुपवर सांगायचं. म्हणजे मेसेज आला तरी कोणी धावणार नाही. नियम सगळ्यांना आवडला. न धावण्याचा नियम कोणाला आवडणार नाही? मला तर सर्वात जास्त आवडला.

त्या दिवशी सकाळी जनूनं लिहिलं, आज आमची भाजावळ. दुपारी मेसेज आला. ठिपका जनूच्या दाढीपासून जरा वर, सड्याच्या बाजूला. तुला चादर आठवली. एक चौकडी इकडे-तिकडे. तू ग्रुपवर लिहिलंस, जनूची भाजावळ आहे, काळजी नसावी.

जनूची भाजावळ सकाळीच आटोपली होती. तो दात काढायला रत्नागिरीला गेला होता. आग सड्यावरच्या गवताला लागली होती. कोणी लावली, विडी होती की शिकारी होते, ते आजवर कळलेलं नाही. तुला कळलं ते वासानं. शेणाचा धूर वेगळा, नुसत्या गवताचा वेगळा. तू दारात आलीस तेव्हा वणवा काजूंपर्यंत उतरला होता.

पुढचं मी नेहमी रंगवून सांगतो. कारखान्यातून मी स्कूटरवरून आलो, ब्लोअर पाठीला लावला, डोंगर चढलो, वगैरे. खरं म्हणजे अर्ध्या चढावर मला दम लागला आणि ब्लोअर त्या वनरक्षक मुलीनं माझ्या पाठीवरून उतरवून घेतला. ती आली होती, तिसऱ्यांदा. तिनं वारा धरला, तुम्ही बायकांनी टाळ मारले, मी मागे राहिलेले निखारे पायांनी दाबत फिरलो आणि चपलांचे तळवे वितळवले. संध्याकाळी आग गडग्याशी थांबली. तुझी वरच्या अंगाची कलमं होरपळली. जनूची नवी काजूची रोपं गेली. ती त्यानं कडेवरून पाणी नेऊन दोन उन्हाळे जगवली होती.

जनू एस. टी. नं आला, गाल सुजलेला, तोंडात कापूस. तू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस. म्हणालीस, माझ्या मेसेजमुळे झालं. त्यानं कापूस काढला.

"मी पण वाचलंय ना गो आते. एस. टी. त बसून वाचला. माझी भाजावळ कधीच आटोपली ती मला ठाऊक. तरी वाटला, आतेनं लिहिलाय म्हणजे असेल."

हे वाक्य तुला फार लागलं. त्यानं रागावून म्हटलं असतं तर तू जेवली असतीस. तू जेवली नाहीस.

गणपतीत सगळे जमले की मी वणव्याची गोष्ट सांगायचो आणि तुझा मेसेज गाळायचो. मेसेज आला, आते धावली, आम्ही विझवला. आतून आवाज यायचा, "माझा मेसेज सांग." मी म्हणायचो, तो नाही सांगितला तर गोष्ट काय बिघडते? तू हात पुसत बाहेर यायचीस. म्हणायचीस, तो नसेल तर लोकांना वाटेल यंत्र आहे म्हणजे झालं. यंत्रानं बरोबर सांगितलं होतं, चूक मी केली, ती सांग. मी म्हणायचो, आते, तुझी चूक सांगून मला काय मिळणार? तू म्हणायचीस, तुला नाही, त्यांना मिळेल. आणि पुढच्या वर्षी मी परत गाळायचो. हे भांडण आपलं मिटलंच नाही. मला खात्री होती की मी तुझी बाजू घेतोय. तुला खात्री होती की मी गोष्टीची बाजू घेतोय. आज मला तुझं जरा जास्त पटतं, का ते सांगतोच.

त्या वणव्यानंतर तू दुसरा नियम आणलास. लावताना सांगितलंत ठीक, पण विझली की कळवायचं. ज्यानं लावली त्यानंच कळवायचं, राखेवर पाणी मारून, हात ठेवून बघून, फोटोसकट. मला त्यात एक्स्चेंज ऐकू आलं. तू सांगायचीस ना, एकदा जोडून दिलेला कॉल तसाच सोडायचा नाही, मधे जाऊन विचारायचं, बोलणं झालं का, आणि हो म्हटल्यावरच कॉर्ड काढायची. तसंच तू ग्रुपवर विचारायचीस. जनू, विझली का? दहा मिनिटांनी परत. जनू, विझली का? जनू मला म्हणायचा, आग परवडली, आते नाय परवडत. पण त्याचे राखेचे फोटो सर्वांत चांगले असायचे. कोपऱ्यात त्याचा पंजा.

आणि ड्रोन. शुभांगीच्या भाचीच्या लग्नात तो शूटिंगवाला नवरानवरीच्या डोक्यावर ड्रोन फिरवत होता. मुहूर्त झाला, जेवणं झाली, आणि तू त्याला लाडूचा पुडा देऊन सड्यावर नेलंस. भरजरी साडीत तू, ब्लेझरमध्ये तो, मागून मी. त्यानं ड्रोन वर नेला आणि त्याच्या हातातल्या पडद्यावर आपला डोंगर दिसला. जन्मभर ज्याच्यावर चाललीस तो तू पहिल्यांदा वरून पाहिलास. काळा डाग मोठा होता, पण एका बाजूला तो सरळ रेषेत कापल्यासारखा थांबला होता. आम्ही समजत होतो आम्ही तिथे विझवला. तिथे जुनी गाडीवाट होती. वाटेनं विझवला होता. माझ्या गोष्टीतला एक अख्खा प्रसंग तिथे गेला. तू मात्र खूश. तिथल्या तिथे ठरवलंस की दरवर्षी उन्हाळ्याच्या आधी ती वाट साफ करायची, तो पट्टा कायम मोकळा ठेवायचा. आणि मग पडद्यात डोकं घालून त्याला विचारलंस, "माणसं कुठे आहेत यात?" त्यानं कॅमेरा खाली वळवला. तीन ठिपके दिसले, त्यातला एक जरा रुंद. तो मी. तू म्हणालीस, उपग्रहाला हे पण नाही दिसत. त्याला ऊब दिसते. कोणी लावली दिसत नाही, कोण विझवतंय ते पण नाही. तू हे तक्रार म्हणून बोलली नाहीस. नवलानं बोललीस, एवढ्या लांब बघणाऱ्याला एवढं जवळचं दिसू नये याचं.

आता ती दुपार.

तुला खाडीकडच्या स्मशानात नेलं. मुलगा नाही म्हणून अग्नी मी दिला. वारा होता. आम्ही घरी आलो, आंघोळी केल्या, पडवीत बसलो. ग्रुपवर हार घातलेले तुझे फोटो, मुंबईतून मोठमोठे मेसेज. आणि त्यात तुझा फोन वाजला. वनखात्याचा मेसेज. मी जागा नकाशावर बघून ग्रुपवर टाकली. ठिपका स्मशानापाशी.

ग्रुपवर कोणीतरी विचारलं, आज कोणाची भाजावळ? कोणाचीच नव्हती. सगळे तुझ्याबरोबर होते. मग नालासोपाऱ्याहून एक मेसेज आला. आतेची असेल.

शुभांगी पदर तोंडाला लावून आत गेली. आते, मला त्या क्षणी खरंच फार बरं वाटलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आलं होतं. किती लहान आग दिसते? माणसाएवढी. तू खुर्ची टाकून वाट बघत असतीस आणि हे कळलं असतं तर म्हणाली असतीस, लागला. मी मनात ही गोष्ट जुळवायलाही लागलो होतो, शेवटासकट. मी ग्रुपवर लिहायला घेतलं. आतेचीच आहे, काळजी नसावी.

तिथे माझा अंगठा थांबला.

तोच मेसेज होता तो. तुझाच. ओळखीची आग आहे, कोणाची ते ठाऊक आहे, तेव्हा उठायला नको. दरवर्षी मी जो गाळत होतो तो मेसेज मी स्वतः लिहीत होतो. आतून आवाज यायला कोणी नव्हतं.

मी जनूला म्हटलं, जाऊन बघायला हवं. सुतकात, ओल्या अंगानं, कुठे जायचं म्हणून दोघातिघांनी अडवलं. जनू उठला होता. त्यानं ब्लोअर घेतला, माझ्या हातात टाळ दिला. शहाणा माणूस.

चिता आपल्या जागी शांत होती. पण स्मशानाच्या वरच्या उतारावर, गडग्याआड, घरून दिसणार नाही अशा जागी गवत जळत वर सरकत होतं. ज्वाळा गुडघ्याएवढी, फार घाई नसलेली. वर थोड्याच अंतरावर तुझी कलमं. जी होरपळली होती आणि यंदा परत पालवली होती, तीच. जनूनं वारा धरला. मी टाळ मारले. या वेळी मी मधे थांबलो नाही, म्हणजे थांबलो, पण बसलो नाही. शुभांगी आणि आणखी दोघी हंडे घेऊन आल्या. आग गाडीवाटेपर्यंत जाऊन मेली. वाट या वर्षी पण तूच साफ करून घेतली होतीस, माघात, माझ्याकडून.

आम्ही गडग्यावर बसलो. माझा पंचा काळा झाला होता. मी म्हटलं, ही लागली कशी? चितेची ठिणगी वाऱ्यानं गेली, दुसरं काय? म्हणजे लावली मीच म्हणायची, अग्नी मी दिला.

जनूनं मान हलवली. "तू आतेला दिलास. गवताला आतेनं दिलान." मग ब्लोअर पाठीवरून उतरवत म्हणाला, "आपण बघायला येतो की नाय ता बघितलान तिनं."

तो हसला नाही. डोळे पुसले, तर सगळं तोंड राखेचं झालं. मग आम्ही दोघंही हसलो, स्मशानात, उघड्यावर, आणि खालून शुभांगी बघत राहिली.

राखेवर पाणी मारलं. हात ठेवून बघितला. गार होती. एका जागी नव्हती, तिथे परत पाणी. फोटो काढला, जनूनं कोपऱ्यात पंजा ठेवला. मी माझा फोन काढला तर जनूनं तुझ्या फोनकडे बोट केलं. नियम तुझाच होता, ज्यानं लावली त्यानं कळवायचं. मी तुझ्या फोनवरून फोटो टाकला आणि खाली लिहिलं, विझली. ग्रुपवर तुझं नाव आलं, 'सुमती आते', आणि त्याच्यापुढे ते. मुंबईतल्या माणसांना काय वाटलं असेल देव जाणे. त्या दिवशी एकही जोडलेला हात आला नाही. थोड्या वेळानं वनरक्षक मुलीचा फोन आला, मेसेज बघून ती निघाली होती, अर्ध्या वाटेत होती. तिनं तू गेल्याचं तेव्हा ऐकलं. तरी ती आली. हात ठेवून राख बघून गेली.

एक राहिलंच. उपग्रहाला नक्की काय दिसलं? तू, की गवत? दोन्ही एकाच चौकडीत. मी त्या मुलीला विचारलं. साहेबांना विचारून सांगते म्हणाली.

तू असतीस तर आता विचारलं असतंस, बोलणं झालं का? नाही झालं, आते. नंबर चालू ठेवलाय, फोन चार्जिंगला आहे. उद्या सकाळी जनूची भाजावळ आहे आणि दुपारी त्याला विचारायचं आहे.